तुका थय काय म्हणत होते?

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची पुस्तिका निघायची होती, तिच्यासाठी छापील फॉर्म घरी आला. नाव, दहावीचं वर्ष, पत्ता, व्यवसाय, छंद. वेंगुर्ल्याच्या आमच्या घराच्या पडवीत बसून भरायला घेतला. व्यवसायापुढे 'बागायतदार' लिहिलं. वडिलांनी लावलेले माड आणि काजू गेली काही वर्षं मीच बघतो, त्यामुळे त्या शब्दावर माझा हक्क आहे. छंदाच्या रकान्याशी मात्र पेन थांबलं. पावसाची एक मोठी सर येऊन गेली, आईने चहाचं दोनदा विचारलं, तरी रकाना कोराच. शेवटी 'वाचन' लिहिलं आणि फॉर्म पाकिटात घातला.

मी वाचतो, तेव्हा ते खोटं नव्हतं. पण 2009 ते 2018 ही नऊ वर्षं मी अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराजवळ नोकरीला होतो आणि त्यातली आठ वर्षं मी घरी बीअर करत होतो. शनिवारमागून शनिवार. शाळा-कॉलेज सोडलं तर आयुष्यात इतकी चिकाटीने मी दुसरी कुठलीच गोष्ट शिकलो नाही. असं करणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणायचं, ते मला त्या रकान्यापाशी सुचेना. अजूनही ते मनातून गेलेलं नाही, म्हणून हा लेख.

तिकडे नावांचा तुटवडा नव्हता. झाली तर गर्दीच होती.

मला शिकवलं ते शेजारच्या एका निवृत्त सुताराने. त्याच्या गॅरेजमध्ये रंध्याच्या शेजारी एक मोठं स्टीलचं पातेलं, एक थंड पाण्याची पेटी आणि काचेचे दोन बुधले असत. पहिल्या दिवशी त्याने मला फक्त भांडी धुवायला लावली. बीअर करणं म्हणजे निम्मं भांडी घासणं, हे त्याचं म्हणणं पुढे शब्दशः खरं ठरलं. मग भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, गरम पाण्यात भिजवायचा, पाणी 66-67 अंशांवर तासभर राखायचं. सुरुवातीला ते पाणी पिठूळ लागतं, तासाने चाखलं तर गोड. धान्यातल्या पिठाची साखर झालेली असते, आणि ती करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, धान्यानेच मोड येताना तयार केलेली असतात. ते गोड पाणी गाळून घ्यायचं, तासभर उकळायचं, उकळताना हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी फुलं, घालायचे, मग जमेल तितक्या लवकर गार करून त्यात यीस्ट सोडायचं. त्या गोड पाण्याला 'वर्ट' म्हणतात. एका वेळी पाच गॅलन, म्हणजे 19 लिटरच्या आसपास. बाटल्या भरल्या की पन्नासेक होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बुधल्याच्या तोंडावरच्या नळीतून पहिला बुडबुडा आला तेव्हा शेजारी बाहेर निघाला होता. तो गाडीतून उतरून पाहायला आला. त्याची ती बहुधा दोनशेवी बॅच असेल, तरी उतरून आला.

महिन्यातून एकदा आम्ही पंधरा-वीस जण कुणाच्या तरी घरी जमायचो. नवीन माणसाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची. ती ओळख ऐकणं मला बीअर चाखण्याइतकंच आवडायचं, कारण जो तो स्वतःला वेगळं म्हणायचा, आणि त्या एका शब्दात माणूस दिसायचा.

बहुतेक जण 'होमब्रूअर' म्हणायचे. इंग्रजीत तो एकच सलग शब्द आहे, मध्ये जागा न सोडता लिहितात. काहींना त्यातलं 'होम' खटकायचं. एक नर्स यायची, ती ठासून सांगायची, मी ब्रूअर आहे, घरी करते एवढंच. तिचा युक्तिवाद मला पटायचा. घरी स्वयंपाक करणारी बाई स्वयंपाक करते, 'घर-स्वयंपाक' करत नाही. उलट एक अभियंता होता, तो 'ब्रूअर' म्हणवून घ्यायला कधीच तयार झाला नाही. त्याच्या मते तो शब्द ज्यांची भाकरी त्यावर आहे त्यांचा. आपण मजेसाठी बीअर करतो, करतो एवढंच म्हणावं, नाम घेऊ नये, क्रियापद घ्यावं. 'ब्रूमास्टर' कुणी स्वतःला म्हटलं की खोलीत एक अवघडलेली शांतता पसरायची. जर्मनीत त्या पदवीसाठी रीतसर शिक्षण आणि परीक्षा असते, ती काही आपल्या आपण कपाळाला लावायची गोष्ट नाही.

आणखी एक पायरी होती. बाजारात माल्टचा तयार पाक डब्यात मिळतो, त्याच्यापासून करणारे ते 'एक्स्ट्रॅक्ट ब्रूअर'. धान्य भिजवण्यापासून सगळं स्वतः करणारे ते 'ऑल-ग्रेन ब्रूअर'. पहिल्या जातीचे लोक ओळख करून देताना आवाज खाली आणायचे. मीही वर्षभर आणला. हे वाईट होतं असं मला आज वाटतं, कारण आमच्यातल्या एका आजींच्या पाकाच्या बीअरला जी सफाई होती ती आमच्या अनेक 'ऑल-ग्रेन' पातेल्यांना कधी आली नाही. पण शब्द एकदा पायरीवर बसला की चव त्याला खाली उतरवू शकत नाही.

मग 'झायमर्जिस्ट'. झायमर्जी म्हणजे आंबवण्याचं शास्त्र. ग्रीकमधल्या यीस्ट आणि काम या दोन शब्दांचा जोड. कित्येक इंग्रजी शब्दकोशांत तो शेवटून पहिला असतो. अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन चार्ली पपाझियनने 1978 च्या डिसेंबरात कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी साथीदारांबरोबर सुरू केली, तिच्या मासिकाचं नावही 'झायमर्जी'च. मधापासून मद्य करणारे स्वतःला 'मेझर' म्हणवतात, बायकांपैकी काही जणी 'ब्रूस्टर' हा जुना शब्द आवर्जून वापरतात. इंग्लंडात कधीकाळी बीअर करणं बायकांचंच घरकाम होतं, आणि 'ब्रूअर' पुरुष तर 'ब्रूस्टर' बाई असा तो भेद होता. पुढे धंदा वाढला, पैसा आला, काम पुरुषांकडे गेलं आणि 'ब्रूस्टर' हे नुसतं आडनाव होऊन राहिलं. आता काही बायका ते नाव पुन्हा उचलून घेत होत्या. तशा दोघी आमच्यात होत्या, आणि त्या शब्द उच्चारताना सरळ बसायच्या, हे मला अजून आठवतं.

पण मला सगळ्यांत आवडायचं ते त्या सुताराचं. त्याला विचारलं तर तो सांगायचा, आपण बीअर करतच नाही. आपण वर्ट करतो, बीअर यीस्ट करतं. हे त्या लोकांतलं जुनं, सगळ्यांच्या तोंडचं वाक्य आहे. पण तो ते म्हणीसारखं म्हणत नसे. रात्री झोपण्यापूर्वी गॅरेजमध्ये जाऊन तो बुधल्याला हात लावून बघायचा, फार तापलंय का म्हणून. तापलं असेल तर ओला टॉवेल गुंडाळायचा. मला तेव्हा आमच्याकडचा 'राखणदार' हा शब्द आठवायचा. गावाची, बागेची रात्रीची फेरी मारणारा तो अदृश्य राखणदार, ज्याला वर्षाला रोट आणि सोऱ्याचा, म्हणजे दारूचा, मान देतात. मी एकदा त्याला हा शब्द अर्थासकट सांगितला. त्याने तो खडूने गॅरेजच्या फळीवर इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवला. माझ्या मते यीस्टवाल्या माणसाला याहून चांगलं नाव अजून कुणी दिलेलं नाही.

त्या 'होम'चा खरा अर्थ मला 2010 साली कळला. तोपर्यंत तो मला नुसता एक गोड शब्द वाटायचा.

अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बीअर राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला पंचेचाळीस वर्षं लागली. 14 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या विधेयकावर सही केली त्यात ती तरतूद होती आणि पुढच्या फेब्रुवारीत ती अमलात आली: एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200 गॅलन, स्वतःच्या आणि कुटुंबाच्या वापरासाठी, कर न भरता. विकायची नाही. आणि ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून गाळणं, या सवलतीत नाही. त्यावर राज्यांनी आपापले कायदे करायचे. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी मान्यता दिली ती थेट 2013 साली.

ओरेगनचा कायदा जुना होता आणि त्यात घरी केलेली बीअर घरी प्यायची सूट होती. 2010 मध्ये सरकारी वकिलांनी तो शब्दशः वाचला: घरी केलेली बीअर घराबाहेर काढता येणार नाही. राज्याच्या जत्रेतली होमब्रू स्पर्धा त्या वर्षी रद्द झाली. आमचं महिन्याचं जमणंही आपोआप थांबलं, कारण दुसऱ्याच्या घरी बाटली न्यायची तर ती उंबरा ओलांडणारच. ज्या शब्दाने आम्ही स्वतःला अभिमानाने ओळखत होतो त्याच शब्दाने आम्हाला आपापल्या घरात बंद केलं. पुढच्या वर्षी, 2011 च्या वसंतात, विधिमंडळाने कायदा बदलला आणि सगळं पूर्ववत झालं. त्या मधल्या महिन्यांत मी एकट्याने दोन बॅचेस केल्या आणि दोन्ही मनासारख्या वाटल्या नाहीत. बीअरमध्ये दोष नव्हता. कुणी चाखून नाक मुरडायला नव्हतं.

तेव्हापासून मला 'होम' म्हणजे चार भिंती वाटत नाही. न विकणं, एवढाच त्याचा अर्थ. पैशासाठी न केलेलं.

2018 च्या पावसाळ्यात वडील गेले आणि मी परत आलो. बुधले, पातेलं, नळ्या सगळं सुताराच्या गॅरेजमध्ये ठेवलं. बरोबर फक्त एक हायड्रोमीटर आणला, द्रवात साखर किती ते दाखवणारा, काचेचा, मोज्यात गुंडाळून.

इथे मी बीअर करत नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते विकायला असो की घरच्या चार माणसांसाठी. हौसेसाठी म्हणून त्यात वेगळं दार नाही. ते असावं असं मला वाटतं, ठराविक लिटरांपर्यंत, विकायच्या बंदीसह, जसं बऱ्याच देशांत आहे. पण ते नाही तोवर मी करत नाही, आणि जो करत नाही त्याने स्वतःला अजून ते नाव लावावं का, हा माझ्यापुढचा आणखी एक प्रश्न आहे.

आल्यावर पहिल्या गणपतीत आतेने विचारलं, थय सुटीच्या दिवशी काय करी होतंस? मी सांगायला बसलो. सातूला मोड आणतात, मोड आले की वाळवतात, भाजतात, भरडतात, असं म्हणेपर्यंत तिने हात वर केला. "म्हणजे नाचण्याचा सत्त्व करतंव तसाच मगे." अगदी तसंच. आमच्याकडे तान्ह्या पोरांना मोड आलेल्या नाचण्याची पेज देतात. त्या पिठाची पेज साध्या नाचण्यापेक्षा पातळ राहते आणि गोडसर लागते. सुताराच्या पातेल्यात जे विकर काम करत होतं तेच आतेच्या टोपात. ती ते गेली पन्नास वर्षं करते आहे. मग मी यीस्टकडे आलो. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत शेतकरी स्वतःचं घरचं यीस्ट लाकडाच्या कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपतात, त्याला तिथल्या बोलीत 'क्वाइक' म्हणतात आणि ते 35-40 अंशांतही मजेत काम करतं, हे सांगितलं. आते म्हणाली, विरजण. आणि शेजारीण मागायला आली तर देतात ना? देतात, म्हटलं. आमच्यातही जाम-जेलीच्या बाटल्यांतून यीस्टची अशीच देवाणघेवाण चालायची. आतेला सगळं समजलं होतं. तिच्या आंबोळ्यांच्या पिठाला पावसाळ्यात एक वेळ आणि मे महिन्यात दुसरी वेळ लागते, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

"मगे तू सोरो करी होतंस," ती शेवटी म्हणाली.

"सोरो नाय गो आते. बीअर."

"चढता मा?"

"चढता थोडी."

"मगे सोरोच."

तिच्या बोलण्यात दूषण नव्हतं. तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता, आणि माझ्याकडेही नव्हता. मालवणीत सोरो, मराठीत दारू. आंबवलेलं काय नि गाळलेलं काय, सगळं एका शब्दात जातं. आणि ती करणाऱ्यासाठी आपल्याकडे जी नावं आहेत ती मी त्या रात्री एकेक आठवून पाहिली. दारू पाडणारा, दारू गाळणारा: ही दोन्ही भट्टीची, शिवाय पाडणं-गाळणं म्हटलं की रान, रात्र आणि पोलिसांची गाडी डोळ्यांपुढे येते. हातभट्टीवाला: हे नाव वर्तमानपत्रातल्या कोठडीच्या बातमीतलं. कलाल: ही जात. आणि आमच्या किनाऱ्यावर माडी काढणं म्हटलं की भंडारी, तीही जात. त्या समाजात आज डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, शिवरायांच्या आरमाराचा मायनाक भंडारी त्याच नावाचा. पण माड आणि मडकं हे त्या नावाला चिकटलं ते चिकटलंच. गोव्याच्या बाजूला माडी काढणाऱ्याला 'रेंदेर' म्हणतात, तोही पोटाचा व्यवसाय.

म्हणजे आपल्या भाषेत हे काम करणारा एकतर जन्माने तो असतो, नाहीतर पोटासाठी, नाहीतर गुन्हेगार. प्रेमाने करणारा कुणी असू शकतो, याची भाषेने सोयच ठेवलेली नाही.

हे कळल्यावर मला दुसऱ्या काही गोष्टी दिसायला लागल्या. पुण्यात माझी एक मावसबहीण रविवारी चाकावर मातीची भांडी करते. ती म्हणते, मी 'पॉटरी' करते. 'मी कुंभार आहे' असं ती कधी म्हणणार नाही. एक मित्र घरच्या गच्चीत खुर्च्या-टेबलं घडवतो, तो 'वुडवर्किंग' करतो, सुतार नाही. कातडी पाकिटं शिवणारी एक ओळखीची मुलगी 'लेदर क्राफ्ट' करते, आणि तिने चुकूनसुद्धा जो मराठी शब्द तोंडातून काढलेला नाही तो कोणता, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपण हे इंग्रजीच्या मोहापायी करतो असं मी पूर्वी समजायचो. आता तसं वाटत नाही. इंग्रजीत 'ब्रूअर' किंवा 'पॉटर' हे आडनाव झालं आणि मग मोकळं झालं. पॉटर आडनावाचा माणूस सुखाने बँकेत काम करतो आणि दुसराच कुणी भांडी घडवून स्वतःला पॉटर म्हणवतो. आपल्याकडे कामाचं नाव जातीत गेलं आणि तिथे त्याला कुलूप लागलं. म्हणून हौसेने तेच काम करणारा माणूस ते नाव घेत नाही. कधी त्या नावाची उगीच लाज वाटते, आणि कधी ज्यांनी त्या नावापायी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं त्यांचं आपण नुसतं नाव उचलून मिरवू नये, असंही वाटतं. दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात. माझ्यात आहेत.

यात सरकारचाही हात जुना आहे. 1878 चा मुंबईचा अबकारी कायदा आला आणि छेवायच्या, म्हणजे तासून माडी काढायच्या, झाडांवरचे कर आणि परवाने घट्ट झाले. आजही माडी काढायला परवाना लागतोच. 1878 च्या कायद्याने आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला स्वतःचा माड छेवायला सरकारची चिठ्ठी सक्तीची केली, आणि बरोबर शंभर वर्षांनी, 1978 साली, अमेरिकेत स्वतःच्या स्वयंपाकघरात चिठ्ठीशिवाय बीअर करू देणाऱ्या कायद्यावर सही झाली. दोन्ही तारखा मी एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवल्या आहेत. पलीकडे तेरेखोल ओलांडलं की गोव्यात काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, बाटलीवर त्याचा मान छापतात. काजू आमच्याकडेही तोच, वास तोच, मार्च-एप्रिलमध्ये बोंडं पडून कुजतात तेव्हा सगळी बाग आंबूस गोड होते. फक्त खाडीच्या अलीकडे ती करणाऱ्याला नाव मिळालेलं नाही.

मग 'घरगुती' म्हणावं का? महामार्गावर कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत पाट्याच पाट्या आहेत: घरगुती कोकम, घरगुती मसाला, घरगुती जेवण. पण तो शब्द आता विकण्याचा झाला आहे. 'होम'च्या मी लावलेल्या अर्थाच्या तो बरोबर उलट.

उरतो तो 'हौशी'. हा शब्द मला हळूहळू आवडायला लागला, तो नाटकामुळे. आमच्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी मंडळी हौशी रंगभूमीची म्हणवतात. दिवसा पोस्टात, पतपेढीत, शाळेत, रात्री तालीम. आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. हौशी नट म्हणजे कच्चा नट, असं इथे कुणी समजत नाही. पैसे न घेता जीव ओतणारा, असंच समजतात. इंग्रजीतल्या 'अ‍ॅमॅच्युअर'चं मूळही लॅटिनमधल्या प्रेम करणाऱ्यातच आहे, पण तिकडे त्याचा अर्थ घसरून 'अर्धवट येणारा' असा होऊन बसला, म्हणून आमच्या मंडळात तो शब्द कुणी घेत नसे. जर्मनीतले लोक स्वतःला 'हॉबीब्राउअर' म्हणवतात, ते आपल्या 'हौशी'च्या जवळ येतं. आणि जत्रेसाठी आपल्याकडे म्हण आहे, हौशे, नवशे आणि गवशे. ही तिन्ही माणसं आमच्या त्या महिन्याच्या बैठकीत होती. हौशे तर आम्ही बहुतेक. नवशे म्हणजे ज्यांनी मनात बोललेलं असायचं की एक दिवस स्वतःची ब्रूअरी काढायची. आणि हा नवस फळतोही, सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रूअरीच्या केन ग्रॉसमनने आधी कॅलिफोर्नियातल्या चिको गावात होमब्रूच्या सामानाचं दुकानच चालवलं आणि 1980 मध्ये ब्रूअरीची पहिली बीअर काढली. गवशे फुकट प्यायला यायचे. त्यांनाही आम्ही भांडी धुवायला लावून सामावून घेतलं.

हौशी बीअरवाला. म्हणून पाहिलं. 'वाला' आला की पुन्हा दुकान येतं. हौशी बीअरकार? नाटककार, चित्रकार, बीअरकार. कानाला रुचत नाही, पण दहा वर्षं म्हणत राहिलं तर रुचेलही. भाषेत शब्द असेच बसतात, कुणीतरी न लाजता आधी म्हणावा लागतो.

आमच्या चार माडांवर परवाना असलेले एक काका माडी काढायला येतात. वय सत्तरीच्या पुढे. दिवसातून दोनदा, कधी तीनदा चढतात. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, बांधून ठेवलेली असते, तिचं टोक रोज कोयतीने पातळ तासायचं, ठोकायचं, खाली मडकं अडकवायचं. किती तासायचं यात सगळी मेख आहे. जास्त गेलं तर पोय लवकर संपते, कमी गेलं तर गळत नाही. मडक्याला आतून चुना असेल तर रस गोड राहतो, ती नीरा. नसेल तर माडावरच आंबायला सुरुवात होते, कारण यीस्ट तिथे आधीच राहायला आलेलं असतं, मडक्यात, वाऱ्यात, काकांच्या हातावर. पूर्वी याच सुरेवर पावाचं पीठ फुगवायचे, सान्नां, म्हणजे तांदळाचे इडलीसारखे वाफवलेले पदार्थ, करायचे.

गेल्या मे महिन्यात मी त्यांना माझी सगळी गोष्ट सांगितली, माडाच्या बुडात बसून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं,

"तुका थय काय म्हणत होते?"

"होमब्रूअर."

"म्हणजे?"

"घरात बीअर करणारो."

त्यांनी मान हलवली. मी विचारलं, तुमका काय म्हणतत?

"माका कोण काय म्हणूक नाय. सकाळी येतंय, लोकांक कळता."

मी आत जाऊन हायड्रोमीटर घेऊन आलो. परत आल्यापासून तो कपाटातच होता. नुकत्याच उतरवलेल्या मडक्यातला थोडा रस उंच पेल्यात ओतला आणि काच सोडली. ती डोलली, स्थिरावली. 1.052. नुसत्या पाण्यात ती 1.000 दाखवते. सुताराच्या गॅरेजमधल्या साध्या पेल एल बीअरची सुरुवात साधारण इथूनच व्हायची. मला एकदम त्या गॅरेजचा वास आला. त्यांना आकडा समजावून सांगितला: साखर जितकी जास्त तितकी ही काच वर तरंगते, साखर संपत जाईल तशी बुडते. तोच पेला झाकून सावलीत ठेवला. दुपारी ते दुसऱ्या फेरीला आले तेव्हा परत काच सोडली. 1.031. यीस्टने चार-पाच तासांत केवढं काम केलं होतं.

मी आकडा सांगायच्या आधी काकांनी पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला. "अर्धी गेली," म्हणाले. "साजपर्यंत कडक होतली."

मी वहीत दोन आकड्यांची वजाबाकी करून पाहिली. अर्ध्याला थोडं कमी. वही त्यांना दाखवली, त्यांनी ती पाहिल्यासारखं केलं आणि बाजूला ठेवली. त्यांचं लक्ष काचेत होतं. त्यांनी ती दोन बोटांत उचलली, उन्हाकडे धरून आतल्या कागदावरच्या बारीक रेघा पाहिल्या, खालचा जड फुगा बघितला, उलटी करून परत सुलटी केली. मग कमरेची कोयती ज्या फडक्याने पुसतात त्याच फडक्याचं कोरडं टोक शोधून त्यांनी ती हळूच पुसली आणि माझ्या हातात दिली.

"ह्या तुजा हत्यार," म्हणाले. "सांबाळून ठेव."